पाठकोऱ्या पत्रिका

जोतीराम वीरकर कादंबरी लिहितो, ही गोष्ट सांगलीत दोनच माणसांना ठाऊक होती. एक मशीनमन हरिबा आणि दुसरे छापखान्याचे मालक सुकुमारअण्णा. हरिबाच्या समजुतीनं कादंबरी म्हणजे न संपणारं वगनाट्य. अण्णांना ती कंपोझिटर लोकांना जडणारी व्याधी वाटायची. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे हाताळून हाताळून विष डोक्यात चढतं, असं त्यांचं ठाम मत होतं. "गूळ खात जा रं जोतीराम, उतरंल," असं ते अगदी मनापासून सांगायचे.

त्यांचं तरी काय चुकलं? लेखक म्हटला की आपल्या डोळ्यापुढे काय येतं? टेबल, टेबलावर दिवा, मागे पुस्तकांचं कपाट, आणि चहाचा कप ठेवून पावलांचा आवाज न करता निघून जाणारी बायको. जोतीरामची बायको चंद्राबाई होती तिकडे माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे, दोन मुली आणि सासू सांभाळत. आणि हा इकडे गणपती पेठेतल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत पथारी टाकून. गावातले बाकीचे बाप्ये मुंबईला गेले. हा मॅट्रिकला आपटला आणि कुणाच्या तरी ओळखीनं खिळे जुळवायला सांगलीत आला, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती.

कादंबरी बापाची होती. जोतीरामचा बाप मेंढरं राखायचा. दरसाल दिवाळी सरली की कळप घेऊन माणातून निघायचा, कराड ओलांडून पाटणच्या खोऱ्यात जायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. जोतीराम नऊ वर्षांचा होता त्या साली मेंढरं परत आली, घोंगडं परत आलं, बाप आला नाही. पाटणच्या अलीकडे नदीकाठी तापानं गेला होता. सोबत्यांनी तिथंच मूठमाती दिली आणि कळप पुढे हाकला, कारण मेंढरं थांबवून चालत नाही. बाप गेला ती जागासुद्धा कुणाला नीट सांगता येईना. आपण हे लिहिलं नाही तर बाप नुसताच मेला असं होईल, ही एकच गोष्ट जोतीरामच्या डोक्यात घर करून बसली होती. तिच्यापायी तो गावी कमी जायचा, चंद्राबाईच्या पत्रांना दोन ओळींत उत्तरं द्यायचा आणि आपण फार मोठं काही करतो आहोत अशा तोऱ्यात उपाशीही राहायचा.

पण लिहायचं कशावर?

उशाला कोऱ्या कागदाची रिमंच्या रिमं आणि लिहायला चिटोरं नाही, अशी त्याची गत होती. अण्णांचा कागद तो घेत नसे. चोरी त्याच्या रक्तात नव्हती, निदान तोवर तरी नव्हती. मुद्रितं तपासून झाली की ती पाठकोरी राहायची, पण हरिबा त्यांनी मशीनची शाई पुसायचा. कॅलेंडरची पाठ गुळगुळीत, तिच्यावर शाई ठरत नव्हती. वर्तमानपत्री कागदाच्या कापट्यांवर लिहिलं की अक्षर फुगून भिजल्या डाळीगत व्हायचं. पेनाची तीच तऱ्हा. बॉलपेनाची कांडी उन्हाळ्यात खिशातच पाझरली आणि एकुलता एक बरा सदरा गेला. शेवटी त्यानं दुकानातून निब आणली, बाभळीच्या काडीला दोऱ्यानं गच्च बांधली आणि शाईची पुडी आणून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत कालवली. एका पुडीत एक बाटली शाई करावी असं पुडीवर छापलेलं असायचं. जोतीराम दोन करायचा. अक्षर फिकं यायचं, पण यायचं. टेबल म्हणून खिळे ठेवायची रिकामी लाकडी केस मांडीवर पालथी घालायची, झालं. पेन मिळालं, शाई मिळाली, टेबल मिळालं. कागद मात्र मिळेना.

तो मिळाला असा की न मिळता तर बरं झालं असतं.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि पलूसकडचे नानासो मोहिते थोरल्या लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. बागायतदार माणूस, चांगला उसाचा मळा, बोलणं खणखणीत. मुलगी विजयमाला, नवरामुलगा सयाजी, लष्करात नाईक. हजार पत्रिका, पिवळा कागद, एका बाजूनं छपाई. जोतीरामनंच खिळे जुळवले, हरिबानं छापल्या. गठ्ठा बांधून तयार झाला आणि सयाजीची तार आली की रजा रद्द झाली. तारीख मागाहून हातानं दुरुस्त करू, तोवर राहू द्या तुमच्याकडेच, असं सांगून नानासो गेले. पुढं लढाई सुरू झाली. तेरा दिवस चालली. तेवढ्यात सयाजी गेला.

जानेवारीत नानासो पुन्हा आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. पटका सैल झाला होता, आवाज खाली गेला होता.

"अण्णा, त्या पत्रिका मी घरात नेत न्हाई. आन् रद्दीतबी घालू नगासा. कुलदैवताचं नाव हाय त्यावर, माझ्या लेकीचं हाय. कृष्णामाईत सोडा म्हंजे सुटलो."

तिकडच्या जुन्या माणसांत ही रीत आहे. न वाटलेली पत्रिका चुलीत घालायची नाही, पुड्या बांधायला द्यायची नाही. पाण्यात सोडायची. ती कोरडी आहे तोवर ते लग्न अर्ध्यात अडकून राहतं आणि पोरीचं पाऊल पुढे पडत नाही, असं मानतात. खरं-खोटं मी सांगत बसत नाही. नानासो मानत होते, एवढं पुरे. अण्णांनी मान डोलावली आणि गठ्ठा जोतीरामच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जोतीराम कृष्णेच्या माई घाटावर गेला. सोडायलाच गेला होता, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पायरीवर बसला, सुतळी सोडली, पहिली पत्रिका हातात घेतली आणि ती उलटी झाली. पाठ कोरी होती. पिवळी, खरखरीत, शाई धरून ठेवणारी. त्यानं अंगठा फिरवून पाहिला. हजाराला चाळीस कमी. देवापुढे ठेवायला नानासोंनी तेवढ्याच नेल्या होत्या. एका मासिकात त्यानं लेखकांना सूचना वाचली होती, मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहावा. इथं दुसऱ्या बाजूला लिहायची सोयच नव्हती. कानावर पेन्सिल होती. त्यानं पहिलं वाक्य लिहिलं: 'बिरोबाच्या माळावरनं कळप निघाला तेव्हा आईनं मागं वळून बघायचं नाही असं सांगितलं होतं.'

लिहून झालं की सोडू, असं त्यानं स्वतःला बजावलं. सोडायच्याच आहेत ना? आज काय आणि वर्षानं काय, नदी कुठं जातीय. माणूस असंच स्वतःला समजावतो. अण्णांनी विचारलं तेव्हा "सोडल्या," म्हणाला. पहिलं खोटं.

पुढची तीन वर्षं तो रोज पहाट फुटली की घाटावर जायचा आणि छापखाना उघडेपर्यंत लिहायचा. ज्या पाण्यात सोडायच्या त्याच पाण्याकाठी, हे त्याच्या ध्यानात कधी आलं नाही. बहात्तरचा दुष्काळ पडला. चंद्राबाई खडी फोडायला जाऊ लागली. तिचं पत्र आलं, 'तुमी या.' जोतीराम आठ दिवस जाऊन आला आणि आल्या आल्या मेंढरांच्या पाण्याचं प्रकरण लिहून काढलं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरात कागदाची टंचाई झाली, शाळेच्या पोरांना वह्या मिळेनात, अण्णांनी रिमांच्या खोलीला कुलूप घातलं. सगळी सांगली कागद कागद करत होती आणि जोतीरामपाशी अजून निम्मा गठ्ठा शिल्लक होता. त्याला त्याचा अभिमान वाटायचा, हे सांगताना मला राग येतो.

एक सवय मात्र त्यानं लावून घेतली होती. लिहिलेलं पान कुठंही ठेवायचं झालं तर पालथं ठेवायचा. कादंबरी कुणी वाचू नये म्हणून मजकूर खाली आणि पत्रिका वर. पत्रिकेकडे कोण बघतंय?

पंच्याहत्तरच्या एप्रिलात कादंबरीची सातशे बारा पानं झाली. शेवटचं प्रकरण राहिलं होतं, बापाच्या मरणाचं. त्याच आठवड्यात नानासो आले. तीन वर्षांत पुष्कळ उतरले होते, पण चेहऱ्यावर उजेड होता.

"जमलं, अण्णा. विजयमालाचं जमलं. पाटणकडचा मुलगा हाय, भाऊसो नाव, शाळामास्तर. लय हिंडलो बघा. ज्यो त्यो म्हनं, पांढऱ्या पायाची." मग हसून म्हणाले, "तसाच पिवळा कागद घाला. आमच्यात पिवळाच लागतो."

जोतीरामनं खिळे जुळवले. कंपोझिटर खिळे उलटे वाचतो आणि त्याचा हात अक्षरं मोजतो, माणसं मोजत नाही. 'चि. सौ. कां. विजयमाला' जुळवताना त्याचा हात अडला का? नाही अडला. उलट त्याला हलकं वाटलं. पोरीचं झालं एकदाचं, म्हणजे आता ते गठ्ठ्याचं खूळही मिटलं.

छापखान्याची रीत अशी की गठ्ठा बांधला की आत काय आहे ते कळावं म्हणून वर एक नमुना खळीनं चिकटवतात. पत्रिका न्यायला नानासोंचा गडी येऊन उभा होता, एसटी सुटायची वेळ झालेली. जोतीराम बँकेच्या कामाला बाहेर गेला होता. जाताना एकसष्टावं पान दुरुस्त करत होता ते घाईनं खिळ्यांची पानं लावायच्या दगडी पाट्यावर पालथं टाकून गेला. हरिबाला अक्षर ओळखू यायचं, पण वाचायची सवय नव्हती. पिवळा कागद, वर ठळक 'विजयमाला', खाली 'नानासो'. नमुना आयताच पडला आहे असं त्याला वाटलं. त्यानं पाठीला भरपूर खळ लावली आणि गठ्ठ्यावर थापून दिली.

तो गठ्ठा नानासोंच्या सोप्यात उतरला तेव्हा नवऱ्या मुलाचे चुलते नाथाजी आपल्या वाटणीच्या पत्रिका न्यायला येऊन बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि नमुना मोठ्यानं वाचला. 'चि. सयाजी' म्हणताना ते थांबले. सोप्यात बाया होत्या, हळद दळायला आलेल्या शेजारणी होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानासो छापखान्यात आले. या खेपेला उंबऱ्यावर थांबले नाहीत. वेष्टनाचा तुकडा त्यांनी दगडी पाट्यावर टाकला. पत्रिका अर्धी सोलून निघाली होती आणि मागं खळीत लडबडलेलं फिकं अक्षर दिसत होतं.

"हे कुनाचं?"

अण्णांनी जोतीरामकडे पाहिलं. हरिबा मशीन थांबवून तिथंच खाली बसला. जोतीराम म्हणाला, "माजं."

"सोडल्या न्हाईस तू." नानासोंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तीन वर्सं पोरीला बघायला मानसं आली आन् उठून गेली. मी देवाला दोष दिला, गड्या. पोरीच्या नशिबाला दिला."

नाथाजींनी लग्न मोडलं नव्हतं, पण अट घातली होती. उद्या सकाळी सगळ्या पत्रिका आपल्या डोळ्यांदेखत आणि मुलीच्या हातानं नदीत गेल्या पाहिजेत. त्याशिवाय नव्या पत्रिका वाटायच्या नाहीत.

"नानासो, एक म्हैना द्या," जोतीराम हात जोडून म्हणाला. "नकलून घेतो. माज्या बाचं हाय त्यात."

"माझ्या लेकीचं न्हाई व्हय काय त्यात?" म्हणून नानासो निघून गेले.

अण्णांनी त्याला शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, "माझ्या तोंडावर सोडल्या म्हनलास रं," आणि आत गेले. युक्ती सुचवली हरिबानं, कारण चूक त्याच्या हातून झाली होती आणि ती त्याला खात होती. "कोऱ्या राहिल्यात त्या दोन-अडीचशे दे सोडून. वर त्यो फाटका ठेव. मोजतंय कोन? बाकीच्या दडव." जोतीरामला पटलं. पटलं म्हणजे काय, बुडत्याला हात मिळाला.

सकाळी माई घाटावर वरच्या पायरीवर नाथाजी आणि नानासो उभे राहिले. खाली पाण्याशी जोतीराम आणि विजयमाला. जोतीरामनं तिला पहिल्यांदाच पाहिलं. तेवीस वर्षांची, सावळी, डोक्यावरचा पदर दातांत धरलेली. त्याच्या हातात कोऱ्या पत्रिकांचा गठ्ठा होता आणि खांद्याला पिशवी. लिहिलेली पानं खोलीत ठेवायचा धीर झाला नव्हता, म्हणून ती पिशवीत.

तिनं गठ्ठ्यातली एक पत्रिका घेतली, उलटी केली. दुसरी घेतली, उलटी केली. मग वरच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "ह्या कोऱ्या हायत. लिवलेल्या कुठं हायत?"

जोतीरामचा हात खांद्यावरच्या पिशवीवर गेला. तिनं पिशवीकडे पाहिलं.

"काय लिवलंय?"

"माज्या बाचं. मेंढरं घिऊन गेला, परत आला न्हाई. कुठं पुरला त्येबी ठावं न्हाई."

"त्यांचंबी तसंच झालं," ती म्हणाली. सयाजीचं नाव तिनं घेतलं नाही. "नुसती पेटी आली, कापडांची." मग तिनं विचारलं, "तीन वर्सं तुमी माझ्या नावाच्या पाठीवर लिवलंत. एकदा तरी कागूद उलटा करून बघितला व्हता?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खोटं बोलता आलं असतं, वर कुणाला कळलंही नसतं, तिनं हट्टही धरला नव्हता. जोतीरामनं पिशवी खांद्यावरनं काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

ती दहा-दहा, वीस-वीस पानं पाण्यावर सोडत राहिली. कागद लगेच बुडत नाही. पाण्यावर पसरला, घाटाशी रेंगाळला. जोतीरामची शाई पुडीची, त्यातही दुप्पट पाणी घातलेली. पाणी लागल्याबरोबर निळा रंग सुटला आणि पानं पाठीकडून पुन्हा कोरी झाली. छापखान्याची शाई मात्र तेलाची. ती हलली नाही. उलटलेल्या पत्रिका वाहत निघाल्या आणि प्रत्येकीवर सयाजी आणि विजयमाला ही नावं काळीभोर वाचता येत होती. जोतीरामनं तेव्हा ती पहिल्यांदा वाचली. वाचत राहिला.

शेवटचं एक पान तिच्या हातात राहिलं. ते तिनं डोळ्यांपुढे धरलं आणि ओठ हलवत, अक्षर लावत, सगळं वाचलं. वर नाथाजी खाकरले.

"चांगलं लिवलंय वो," ती म्हणाली, आणि ते पान पाण्यात सोडलं.

लग्न झालं. अण्णांना आमंत्रण आलं, जोतीरामला नाही, आणि ते बरोबरच होतं. तो छापखान्यातच राहिला. खिळे जुळवताना मात्र मंद झाला. पत्रिका असली की जुळवून झाल्यावर वधूचं नाव, वराचं नाव, मामा-काकांची नावं, अगदी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या बारक्या पोरांची नावंही पुटपुटत वाचायचा. हरिबा म्हणायचा, याला आता खरंच शिसं चढलं.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी कुलूप काढून फुलस्केप कागदाचं एक अख्खं रीम त्याच्यापुढं ठेवलं. पांढरं, दोन्ही बाजूंनी कोरं. वर शाईची बाटली, पुडी नव्हे, दुकानातली तयार बाटली. आणि पेन.

"लिव परत," अण्णा म्हणाले. "तुज्या डोक्यात हाय की सगळं."

जोतीरामनं त्या रिमावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बसलो व्हतो, अण्णा. दोन डाव बसलो. बाचं लिवाय गेलो की सयाजीचं नाव म्होरं येतंय. आन् त्येच्याबद्दल मला एक अक्षर ठावं न्हाई."

रीम त्यानं दिवाळीला गावी नेलं. चंद्राबाईनं सुई-दोऱ्यानं मुलींना वह्या शिवून दिल्या. जोतीरामनं दोघींना समोर बसवून बजावलं की कागदाच्या दोन्ही बाजू वापरायच्या, आणि लिहायच्या आधी पान उलटून बघायचं. कोऱ्या वहीचं पान उलटून काय बघायचं, असं धाकटीनं विचारलं.